सुई मागणारा मुलगा

मैत्रिणींनो, मिरवायच्या हॅटचं मला भारी वेड. स्वतः मात्र पदरावरच भागवते! २०११ साली लंडनमधलं राजघराण्यातलं लग्न टीव्हीवर बघताना माझ्या हातून तव्यावरची पोळी करपली. राजकन्या बिअ‍ॅट्रिसची ती फितीच्या गाठीसारखी भलीमोठी हॅट बघून लोक खो खो हसले. त्याच वर्षी लिलावात तिचे ८१,१०० पौंड आले नि मुलांच्या मदतीला गेले.

ती घडवणारा फिलिप ट्रेसी आयर्लंडच्या खेड्यातल्या बेकरीवाल्याचा मुलगा. शाळेत शिवण मुलींना. पण यानंही सुई मागितली, असं परवा वाचलं.

आमचा धाकटा मशीनपाशी आला, की ‘हे मुलींचं काम’ म्हणून मी त्याला उठवी. मनाला चुटपुट लागली. सकाळी मीच त्याला सुईत दोरा ओवून दिला.

तुम्ही कुणाला उठवत नाही ना?