दुसरा साक्षीदार

केजला आमच्या जुन्या घराच्या माळवदावरून पश्चिम मोकळी दिसायची. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मोहल्ल्यातली पोरं तिथं जमायची. मी नऊ-दहा वर्षांचा असताना एकदा ढगांच्या फटीत मला चाँद दिसला. ओरडतच खाली धावलो. दादांनी विचारलं, "और किने देख्या?" दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तिसावा रोजा धरला. मला रडू कोसळलं. दादा म्हणाले, "तू खोटा नाहीस, बेटा. पण ईद सगळ्यांची असते. एकट्या डोळ्यावर ती ठरत नाही."

हे आठवलं २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी. पावसानं दडी मारलेली. देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता तो. आभाळात अर्धा चंद्र आणि घरात टीव्हीपुढं आम्ही सारे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी तिच्या दादीला समजावत होती. पृथ्वीवरून संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. उतरणाऱ्या यानाला तेवढी उसंत नसते. म्हणून शेवटची एकोणीस मिनिटं सारे निर्णय 'विक्रम'नं स्वतःच घ्यायचे. खालचे खड्डे, दगड कॅमेऱ्यानं ओळखून जागाही त्यानंच निवडायची. २०१९ साली चांद्रयान-२ चं लँडर कोसळलं होतं. त्यातून शिकून या वेळी उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीवरून चार बाय अडीच किलोमीटरच्या आसपास नेली. वेग मोजायला लेसरचं नवं उपकरणही बसवलं.

सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं. टाळ्या थांबल्यावर अम्मीनं हळूच विचारलं, "उमराहला जाताना आपलं विमानही असंच आपोआप चालणार?" अब्बा गेल्यापासून या ना त्या कारणानं ती उमराह पुढं ढकलत होती. खरं कारण मला त्या दिवशी कळलं.

मुलीनं खोटा धीर दिला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं पडली. ३४६ माणसं गेली. समोरून येणाऱ्या हवेच्या तुलनेत विमानाचं नाक किती वर आहे हे सांगणारे दोन सेन्सर होते, पण नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा एकाच सेन्सरचं ऐकत होती. त्यानं चुकीचं सांगितलं आणि वैमानिक झगडत असतानाही यंत्रणा नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिली. पुढं जगभर ही विमानं जमिनीवर थांबवली गेली. मग दोन्ही सेन्सर ताडून पाहण्याची सुधारणा झाली.

ती यंत्रणा काही शिकणारी बुद्धी नव्हती. माणसानं लिहिलेल्या साध्या नियमांवर चालणारी होती. आता इंजिनाच्या फोटोंतून तडे शोधायला, बिघाड आधीच ओळखायला कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे. लिहिलेला नियम वाचून तपासता येतो. यंत्र उदाहरणांवरून जे शिकलं, ते का शिकलं, हे त्याला विचारून सहजी कळत नाही. म्हणजे पडताळणीची गरज आता अधिकच.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मशीनलाही दुसरा साक्षीदार लागतो."

त्या हिवाळ्यात मी तिला घेऊन निघालो. मुंबईला विमानात पट्टा बांधताना तिनं विचारलं, "पुढं चालवायला किती जण बसतात?"

"दोन."

"बस्स," ती म्हणाली आणि तिनं तसबीह हातात घेतली.