कोतवाल बुकातील पूर्वज

जन्ममृत्यूच्या नोंदी लोकांना किती खुल्या आहेत हे कायद्याच्या शब्दांपेक्षा त्या नोंदी कोणत्या दप्तरात आहेत यावरच अधिक अवलंबून असते, असा अनुभव बारामती एमआयडीसीच्या परिसरात राहून घराण्याचा माग काढणाऱ्या प्रस्तुत लेखकास आला. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 17 नुसार कोणाही व्यक्तीस निबंधकाकरवी नोंदीचा शोध घेता येतो. मृत्यूचे कारण मात्र दाखल्यावर उघड केले जात नाही. तथापि घटना जेथे घडली तेथेच ती नोंदली जाते आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असते, त्यामुळे बारामतीत हयात घालवलेल्या आजोबांचा जन्म शोधण्यासाठी लेखकास इंदापूर तालुक्यातील त्यांच्या आजोळी जावे लागले.

खरी वाट अडते ती या अधिनियमापूर्वीच्या काळात. त्या काळच्या नोंदी गाव नमुना नंबर 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, मिळतात. हे गावनिहाय जन्ममृत्यूचे रजिस्टर असून ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ठेवलेले असते. त्यातील जुनी पाने मोडी लिपीत आहेत, आणि बारसे होण्यापूर्वीच वर्दी दिली जात असल्याने बाळाचे नाव पुष्कळदा नसते. बापाचे नाव, जात आणि तारीख एवढ्यावरच ओळख पटवावी लागते. उजनी धरणात बुडालेल्या गावांतील कुटुंबांना तर गावात जाऊन विचारण्याचीही सोय उरलेली नाही.

तुलनेसाठी पाहता, इंग्लंडमध्ये 1837 पासूनच्या नोंदींची मध्यवर्ती सूची असून शुल्क भरून कोणाचाही दाखला कोणालाही मागवता येतो. उलट नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अनेक पिढ्या सापडतात, पण त्या यजमानाचे आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यावरच उघडल्या जातात. कोतवाल बुक सरकारी असूनही व्यवहारात या वह्यांच्या जवळचे राहिले.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर मोडी वाचक बसवून ही दप्तरे तपासण्यात आली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर अभिलेखांच्या प्रती चढल्या, हे काम कुलवृत्तांताच्या अभ्यासकांनी कृतज्ञतेने नोंदवावे असे आहे. परंतु तो शोध मराठा समाजाच्या जात दाखल्यांसाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींसाठी होता. त्याच रजिस्टरांत धनगर, माळी, रामोशी आणि महार घरांतील जन्मही लिहिलेले आहेत, वर्दी आणणाऱ्या कोतवालाच्या स्वतःच्या घरातलेही. त्या पानांचे वाचन आणि सूचीकरण कोणत्याही दाखल्याची गरज निर्माण होण्याची वाट न पाहता व्हावयास हवे.