आधी क्रमांक, मग फाइल

आमचं ॲप दूध संकलन केंद्रांवर चालतं. वजन काट्यावरून येतं, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) तपासणीच्या यंत्रावरून येतात आणि दरपत्रक बघून ॲप लिटरचा दर काढतं. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. त्याच्या वर किंवा खाली गेलं की पॉइंटमागे पैसे वाढतात नाहीतर कापले जातात. हिशेब एका पॉइंटनं जरी चुकला, तरी ते पैसे कुणाच्या तरी दहा दिवसांच्या बिलातून जातात. त्यामुळे आमच्या पुण्याच्या ऑफिसात टेस्टरच्या हातात नेमकं कोणतं बिल्ड आहे, हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटला नाही.

प्रत्येक बिल्डमधून दोन फाइली बाहेर पडतात : ॲपची एपीके आणि दरपत्रकाचा डेटाबेस. आपोआप बिल्ड बनवणाऱ्या जेन्किन्स सर्व्हरवरून त्या उतरवून घेऊन टेस्टिंगच्या सामायिक फोल्डरात ठेवायला एक जुनी स्क्रिप्ट होती. तिच्यात ठिकठिकाणी ‘हडसन’ असं लिहिलेलं होतं, त्यावरूनच तिचं वय कळायचं. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना हे सॉफ्टवेअर हडसन या नावानं सुरू केलं. पुढे सन ओरॅकलकडे गेली, नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११मध्ये त्याचं जेन्किन्स झालं. आमची स्क्रिप्ट त्याच्याही आधीच्या सवयींवर चालत आली होती.

एके दुपारी एका टेस्टर सहकाऱ्यानं दाखवलं की ३.८ फॅटला दर चुकतोय. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर तेच आकडे घातले तर दर बरोबर. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, आणि अशा वेळी माणसं एकमेकांवर चिडू लागतात. मी कोडकडे गेलेच नाही, आधी फाइली हातात घेतल्या. जेन्किन्समध्ये फाइलचा फिंगरप्रिंट तपासायची सोय आहे. फाइल चढवली की तो तिचा एमडी५ काढतो आणि ती कोणत्या बिल्डमधून आली ते सांगतो. आमच्या जॉबमध्ये फिंगरप्रिंटची नोंद चालू होती, हे नशीब. एपीके एका बिल्डची निघाली आणि दरपत्रक तिच्या पुढच्या बिल्डचं.

कारण साधं होतं. जेन्किन्स प्रत्येक जॉबला काही कायमचे पत्ते देतो : शेवटचं बिल्ड, शेवटचं यशस्वी बिल्ड, शेवटचं स्थिर बिल्ड. पत्ता तोच राहतो, त्यामागचं बिल्ड बदलत जातं. स्क्रिप्ट ‘शेवटचं यशस्वी’ या पत्त्यावरून आधी एपीके उतरवायची, मग त्याच पत्त्यावरून दरपत्रक. मधल्या काही सेकंदांत नवं बिल्ड पूर्ण झालं की दोन फाइली दोन ठिकाणच्या. नवं बिल्ड ऐन त्या फटीत पूर्ण होणं क्वचितच घडतं, आणि म्हणूनच ते इतका काळ कुणाला दिसलं नव्हतं.

मी स्क्रिप्ट नव्यानं लिहिली. ती आता सर्व्हरला पहिल्यांदा फक्त बिल्डचा क्रमांक विचारते. जेन्किन्स तो साध्या मजकुरात देतो. त्यानंतरची प्रत्येक फाइल त्या क्रमांकाच्या पत्त्यावरून येते. मध्ये कितीही नवी बिल्ड होवोत, हातात येणारा संच एकाच क्रमांकाचा असतो.

खरी चर्चा झाली ती कोणता क्रमांक विचारायचा यावर. जेन्किन्सच्या हिशेबात ‘यशस्वी’मध्ये ‘अस्थिर’ बिल्डही येतं, म्हणजे बांधणी पार पडली पण काही स्वयंचलित चाचण्या नापास झाल्या, ते पिवळं बिल्ड. डेव्हलपरांचं म्हणणं, टेस्टिंगला सगळ्यात ताजं द्यावं. मी ‘शेवटचं स्थिर’वर अडून बसले. दर काढणाऱ्या भागाची चाचणी मशीननंच नापास केलेली असताना माणसानं दिवसभर त्याच बिल्डवर आकडे तपासत बसणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पिवळं बिल्ड हवंच असेल तर स्क्रिप्टला क्रमांक हातानं देता येतो.

स्क्रिप्ट फाइली उतरवते ती कर्ल या आज्ञेनं, आणि कर्लची एक सवय माहीत असलेली बरी. सर्व्हरनं ४०४ किंवा ४०३ दिलं तरी कर्ल तक्रार करत नाही. आलेलं त्रुटीचं पान तो मुकाट्यानं एपीकेच्या नावानं साठवतो. मग फोनवर ‘पॅकेज वाचता येत नाही’ असं येतं आणि लोक फोनला दोष देतात. एफ हा पर्याय दिला की कर्ल अशा वेळी २२ हा कोड देऊन थांबतो. जेन्किन्सचा पासवर्डही स्क्रिप्टमधून काढला. त्याऐवजी एपीआय टोकन आहे, हवं तेव्हा रद्द करता येतं, आणि ते फक्त मालकालाच वाचता येईल अशा नेटआरसी फाइलमध्ये ठेवलं. टोकन आदेशाच्या ओळीतच लिहिलं तर चालू प्रक्रियांच्या यादीत ते इतरांना दिसू शकतं.

फाइली आधी तात्पुरत्या फोल्डरात उतरतात. बिल्डनंच सोबत दिलेल्या एसएचए-२५६च्या यादीशी त्या जुळल्या, तरच फोल्डरला बिल्डच्या क्रमांकाचं नाव मिळतं. तात्पुरतं फोल्डर मुद्दाम सामायिक फोल्डराच्याच डिस्कवर ठेवलंय, कारण तिथं नाव बदलणं एका झटक्यात होतं आणि अर्धवट संच कुणाच्या हाती लागत नाही. एपीकेचा व्हर्जन कोडही तोच क्रमांक आहे. त्यामुळे फोनवर नवं बिल्ड असताना कुणी जुनं टाकायला गेलं तर अँड्रॉइडच नकार देतो.

आता प्रत्येक बगच्या नोंदीत बिल्डचा क्रमांक असतो, आणि डेव्हलपर त्याच फोल्डरातून तोच संच उचलतात. एक गोष्ट मात्र अजून मलाच हातानं करावी लागते. जागा वाचवायला सर्व्हर जुनी बिल्ड पुसतो. जे बिल्ड केंद्रांवर गेलं, त्यावर ‘हे बिल्ड कायम ठेवा’ असं जेन्किन्सला सांगावं लागतं. वर्षभरानं एखाद्या शेतकऱ्यानं बिल पुढे करून विचारलं की हा दर कसा लावला, तर तो दर काढणारी एपीके आणि दरपत्रक आमच्याकडे असलंच पाहिजे. ही खूण करणारी ओळ मी सध्या रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये घालते आहे.