मागच्या बुशांची गोष्ट



इथं सगळे वाडा, शाळा, गणपती यांच्या आठवणी लिहितात. मी आज गाडीच्या बुशांबद्दल लिहिणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

माझ्या धाकट्या भावानं २००५ साली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. ही गाडी त्याच्या आदल्याच वर्षी भारतात आली होती. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवर. मी तेव्हा बँकेत कर्ज विभागात. उद्यमबागेतल्या कारखान्यांची प्रकरणं तपासण्यात माझी निम्मी नोकरी गेली. मी त्याला तोंडावर म्हणालो, "शोरूमच्या दारातून बाहेर पडताच जिची किंमत उतरते, तिच्यासाठी कसलं कर्ज काढतोस?" त्याला ते लागलं. आधीच शहापूरच्या घराच्या वाटणीवरून आमच्यात थोडं बिनसलेलं होतं. त्यात ही भर.

पुढं बोलणं सुरू झालं, पण मोजकं. जायच्या आदल्या वर्षी तो एकदा म्हणाला, "अण्णा, मागून खट्खट् आवाज येतोय. बुश बदलून वर्षसुद्धा झालं नाही. चल की एकदा, बसून ऐक." मी म्हणालो, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच." गेलो नाही. आज चार वर्षं झाली त्याला जाऊन.

गाडी अंगणातच होती. मागच्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला. म्हणाला, "काका, गाडी विकायची नाही. मागचे बुश बदलू, पॉलियुरेथेनचे घालू. तुम्ही चला माझ्याबरोबर, तुमच्या ओळखीचा मिस्त्री आहे की." या वेळी गेलो.

ज्यांना बुश म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीला मागं दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा अॅक्सल असतो. त्याच्या पुढच्या दोन टोकांना दोन जाड रबरी गोळे दाबून बसवलेले असतात. त्यांतून बोल्ट जातो आणि अॅक्सल बॉडीला जोडला जातो. लोखंड आणि लोखंड यांच्यामध्ये राहून धक्का पिऊन टाकायचा, हे बुशाचं काम. ते फाटले की स्पीडब्रेकरवर आवाज येतो. वळणावर अॅक्सल किंचित सरकतो आणि गाडीची शेपूट हलल्यासारखी वाटते. चोर्ला घाटात ही गंमत राहत नाही.

पुतण्याला सगळ्यात कडक बुश हवा होता. मी सवयीनं चौकशी केली, फायदा काय, तोटा काय, कशावरून. कडकपणा शोअर नावाच्या मापावर मोजतात. रस्त्यासाठीचा ८० च्या आसपास, रेससाठीचा ९५ पर्यंत. मिस्त्री म्हणाला, "साहेब, कंपनीच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. एका दिशेनं मऊ, दुसऱ्या दिशेनं कडक. पॉलीत ते नाही. फार कडक घातला तर प्रत्येक खड्डा पाठीत येणार." शेवटी ८० चा ठरला. नवे बोल्टही घेतले. जुने पुन्हा वापरायचे नाहीत म्हणाला.

सकाळी दहाला गाडी वर घेतली. अॅक्सल पूर्ण न काढता पुढची टोकं खाली उतरवली, ब्रेकच्या पाइपांना ताण येणार नाही असं बघून. जुने बुश काढायला एक लांब आट्यांचा रॉड, एका बाजूला पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला जाड वॉशर. नट फिरवत गेला तसा बुश इंच इंच बाहेर आला. काही जण गॅसनं रबर जाळून काढतात. यानं तसं केलं नाही, जवळच पेट्रोलची टाकी असते. मग आतली जागा पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ केली, किटबरोबर आलेलं ग्रीस लावलं, दोन बाजूंनी पॉलीचे दोन अर्धे भाग बसवले आणि मधून स्टीलची नळी सरकवली. ग्रीस कमी पडलं तर पॉली कुरकुरतं, म्हणून त्यात कंजुषी केली नाही.

काढलेले बुश मिस्त्रीनं माझ्या हातात दिले. रबर नवंच दिसत होतं, पण दोन्हीकडं पीळ पडून एकाच जागी फाटलेलं.

"हे बघा," तो म्हणाला, "ज्यानं बसवलं त्यानं चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळले. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी खाली आली, वजन पडलं की ते पिळलं जातं. मग उभ्या गाडीतसुद्धा ते पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर वजन घेऊन, मगच शेवटचं आवळायचं."

म्हणजे भावाचं खरं होतं. आवाज गाडीच्या वयाचा नव्हता, कुणीतरी काम चुकीचं केलं होतं. मी एकदा बसून ऐकलं असतं तर एवढं तरी त्याला म्हणालो असतो.

आणखी एक गोष्ट तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या आठवली. आमची वाटणी झाली वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. कोणाचं मन ठिकाणावर नव्हतं. मीच थोरला, मीच कागद पुढं केला, बँकेत करावी तशी सही घेतली. सगळं हवेत असताना आवळलं. पुढं वीस-बावीस वर्षं पीळ राहिला, तो कुणाला दिसला नाही एवढंच.

पॉलीमध्ये नळी आत फिरते, त्यामुळे त्याला वजनावर आवळायची तेवढी गरज नसते. तरी मिस्त्रीनं चाकांवर वजन घेऊनच टॉर्क पाना लावला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत गेलो. वळणावर शेपूट हलली नाही. खडबडीत रस्त्यावर मात्र घरघर पूर्वीपेक्षा जास्त येते, हे खरं सांगितलं पाहिजे. कणकुंबीत चहाला थांबलो तेव्हा पुतण्याला वाटणीचं सगळं सांगितलं, माझी चूक धरून. तो थोडा वेळ गप्प बसला. मग किल्ली पुढं करून म्हणाला, "काका, परत जाताना तुम्ही चालवा."

चालवली. तिसऱ्या गिअरच्या पुढं गेलो नाही, पण चालवली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी गाडी असेल आणि मागून आवाज येत असेल, तर एकदा खाली वाकून बघा. आणि भाऊ म्हणाला, "बसून ऐक," तर जा.