बोटांच्या फटीतून

वर्षाकाठी चार-पाच चित्रपट पाहणाऱ्या माणसाला चित्रपटांविषयी काही मते असावीत काय, असा प्रश्न त्याला कोणी केला असता तर तो ओशाळला असता. त्याने या कलेचा अभ्यास केलेला नाही. छायाचित्रणातले बारकावे त्याला कळत नाहीत, दिग्दर्शकांची नावे चटकन आठवत नाहीत. तिकीट काढावे, पाहावे आणि घरी येऊन विसरून जावे, एवढाच त्याचा संबंध. तरीही दोन प्रकारच्या चित्रपटांचा विषय निघाला की तो हिरीरीने बोलू लागतो: एक भुताखेतांचे आणि दुसरे विज्ञानकथांचे. इंदूरच्या त्याच्या मित्रमंडळात याची थट्टा होते. बँकेत आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या गृहस्थाला भुते आणि अंतराळयाने यांचे एवढे अगत्य कशाला, असे ते विचारतात. तो हसतो आणि चहा मागवतो.

या आवडीचे मूळ ताईच्या तळहातात आहे. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. तो नऊ-दहा वर्षांचा असताना रविवारी सकाळी जुन्या चित्रपटांचे खेळ लागत, आणि त्याला बरोबर नेण्याच्या अटीवर ताईला घरून परवानगी मिळे. कमाल अमरोही यांचा १९४९ सालचा ‘महल’ त्याने असाच पाहिला. ओसाड हवेली, झोपाळ्यावर बसलेली मधुबाला, आणि दुरून जवळ येत जाणारा लता मंगेशकरांचा आवाज. पडद्यावर काही भयंकर घडणार असे वाटले की ताई आपला तळहात त्याच्या डोळ्यांवर ठेवी. पण तिची बोटे पुरती मिटलेली नसत. त्या फटींतून त्याला सगळे दिसे; किंबहुना उघड्या डोळ्यांना जेवढे दिसले असते त्याहून अधिक दिसे. झाकणारा हात तिचा, म्हणून भीती बेताची. आणि फट तिचीच, म्हणून उत्सुकता शाबूत.

‘महल’मधले भूत अखेरीस भूत नसते, ती माळ्याची मुलगी निघते. पुढे १९६२ चा ‘बीस साल बाद’ आणि १९६४ चा ‘वो कौन थी?’ पाहिले, तेव्हाही धुके विरले की मागे कोणी ना कोणी हाडामांसाचा माणूस उभा. कोणाला सूड हवा, कोणाला वारसाहक्काची इस्टेट. नव्याने स्वतंत्र झालेल्या, धरणे आणि प्रयोगशाळा बांधू पाहणाऱ्या देशाला भुताचा असा उलगडा होणे आवडत असावे, असा त्याचा तर्क आहे. त्याला स्वतःला मात्र तो उलगडा रुचत नसे. अडीच तास जिच्या मागे जीव धावला तिचे शेवटच्या रिळात निव्वळ कारस्थान व्हावे, यात त्याला फसवणूक वाटे.

पुढे रामसे बंधू आले. त्या सात भावांनी उलगड्याची अडचणच काढून टाकली. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी खराखुरा सैतान होता आणि त्याबद्दल कोणाला काही स्पष्टीकरण द्यावे लागत नव्हते. परंतु तो पडद्यावर इतक्या वेळा आणि इतक्या जवळून दिसे की पाहणाऱ्याला त्याची सवय होऊन जाई. भीती जेवढी दाखवावी तेवढी कमी होते, हे त्याचे मत तेव्हाचे. राक्षस दाखवूनही भय उणावत नाही असा एकच अपवाद त्याला ठाऊक आहे: इशिरो होंडा यांचा १९५४ चा जपानी ‘गोजिरा’. त्यातला प्राणी रबरी पोशाखातला माणूस आहे हे लपत नाही. पण त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या तेवीस खलाशांवर पडली, आणि सप्टेंबरात त्यांतला एक दगावला. नोव्हेंबरात चित्रपट आला. थिएटरात बसलेल्यांना तो राक्षस कुठून आला हे कोणी सांगावे लागले नसेल.

विज्ञानकथांशी त्याची ओळख एका सहकाऱ्यामुळे झाली. १९७९ साली त्याने आग्रह करून फिल्म सोसायटीची वर्गणी भरायला लावली. तेथे त्याने स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९६८ चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ पाहिला आणि पहिला अर्धा तास तो कंटाळला, हे तो प्रामाणिकपणे कबूल करतो. मात्र दोन प्रसंग त्याच्या मनातून गेले नाहीत. अंतराळयानात तीन शास्त्रज्ञ शीतनिद्रेत आहेत. यानाचा संगणक हॅल त्यांचा प्राणवायू तोडतो. रक्त नाही, किंकाळी नाही. पडद्यावर काही रेषा वरखाली होत असतात, त्या हळूहळू सरळ होतात. इतका शांत खून त्याने त्यापूर्वी पाहिला नव्हता. दुसरा प्रसंग हॅलच्या मृत्यूचा. वाचलेला अंतराळवीर त्याच्या स्मृतीचे खण एकेक उपसत जातो, आणि तो खुनी संगणक आपल्याला भीती वाटते असे सांगतो. मग शिकवणीच्या पहिल्या दिवसांत शिकलेले गाणे म्हणू लागतो, आवाज जड होत जातो, थांबतो. ते गाणे १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या संगणकाने खरोखर म्हटले होते, आणि पुढच्या वर्षी आर्थर क्लार्क यांनी ते तेथे ऐकले होते, हे त्याला फार नंतर कळले. यंत्राची कीव यावी, याचे त्याला त्या रात्री नवल वाटले होते.

त्या सरळ होणाऱ्या रेषा त्याला पुन्हा दिसल्या त्या २०११ च्या पावसाळ्यात, एका रुग्णालयात, ताईच्या खाटेशेजारी. ताई अडुसष्ट वर्षांची होती. भाचा परदेशात, भाची वाटेत. डॉक्टरांनी विचारले, श्वास मंदावतो आहे, कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवायचे काय? आशा फारशी नाही, हेही त्यांनी सांगितले. उत्तर देण्याजोगा तेथे तो एकटाच होता. तो ‘नको’ म्हणाला. ताईनेच एकदा तसे म्हणून ठेवले होते, असे त्याने भाचीला सांगितले, आणि ते खरेही होते. परंतु ते वाक्य ताई गप्पांच्या ओघात बोलली होती, आणि त्याने ते ऐन वेळी एखाद्या पावतीसारखे पुढे केले होते. पहाटे रेषा सरळ झाली. ताळेबंदात ही नोंद कोठे मांडावी ते त्याला आजवर उमगलेले नाही.

त्यानंतर बरीच वर्षे त्याने भुताचा एकही चित्रपट पाहिला नाही. मेलेली माणसे रागाने परततात, केस मोकळे सोडून जिवंतांचा गळा धरतात, हे पाहताना त्याला मृतांचा अपमान झाल्यासारखे वाटू लागले. एके रात्री झोप येईना म्हणून त्याने आंद्रेई तारकोव्हस्की यांचा १९७२ चा ‘सोलारिस’ लावला. स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट विज्ञानकथेत मोडतो. दूरच्या ग्रहावर एक महासागर आहे आणि तो तेथे गेलेल्या माणसांच्या मनातून त्यांच्या आठवणी काढून सदेह उभ्या करतो. नायक केल्विन याच्यापुढे त्याची पत्नी हारी येते. दहा वर्षांपूर्वी तिने आत्महत्या केली होती आणि त्याला तो जबाबदार होता. पहिल्या भेटीत तो घाबरून तिला अग्निबाणात बसवून पाठवून देतो. ती पुन्हा येते. तिच्या पोशाखाला नाड्या आहेत पण तो उघडायला जागा नाही, कात्रीने कापावा लागतो. कारण केल्विनच्या स्मृतीत तो पोशाख कसा उघडतो याची नोंदच नाही. या तपशिलाशी तो थांबला. आपल्या आठवणीतून ताई उभी राहिली तर तिच्यात काय काय नसेल? तळहात असेल, रविवार असतील. तिच्या सासरची चाळीस वर्षे त्यात नसतील, कारण त्याने ती कधी नीट विचारलीच नव्हती. त्या रात्री त्याला भीती वाटली, आणि ती कोणत्याही हवेलीपेक्षा मोठी होती.

पुढे केन्जी मिझोगुची यांचा १९५३ चा ‘उगेत्सु’ त्याच्या हाती आला. युद्धाच्या दिवसांत मोहात सापडून घर सोडलेला कुंभार उशिरा परततो. घर रिकामे, अंधारलेले. तो वळसा घालून पुन्हा आत येतो तर चूल पेटलेली, पत्नी समोर. ती कसलाही जाब विचारत नाही. तो झोपतो आणि ती दिव्यापाशी बसून रात्रभर त्याचे कपडे शिवत राहते. सकाळी त्याला कळते की तिला सैनिकांनी केव्हाच मारले होते. भुताचे इतके साधे काम त्याने दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नाही. चित्रपट संपल्यावर तो बराच वेळ अंधारात बसून होता. मग उठून त्याने भाचीला फोन लावला आणि ताई सासरी पहिल्या वर्षी कशी राहत होती, काय शिजवत होती, कोणाशी भांडत होती, ते विचारले. भाची प्रथम गोंधळली. नंतर तासभर बोलली. त्या रात्रीचा ‘नको’ मात्र दोघांनीही काढला नाही.

गेल्या दिवाळीत भाची मुलीसह राहायला आली. नऊ वर्षांच्या नातीने भुताचा चित्रपट हवा म्हणून हट्ट धरला. पुष्कळ विचार करून त्याने १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाईन’ लावला. जुना आहे, काळापांढरा आहे, बाधणार नाही असा हिशेब. बोरिस कार्लोफचा तो अवाढव्य जीव तळ्याकाठी एका लहान मुलीला भेटतो. ती त्याला न भिता खेळायला घेते. दोघे पाण्यात फुले टाकतात, फुले तरंगतात. त्याच्या हातातली फुले संपतात. पुढे काय होणार ते त्याला ठाऊक होते: ती मुलगीही तरंगेल असे त्या बिचाऱ्याला वाटणार होते. अनेक वर्षे हा तुकडा कापूनच चित्रपट दाखवला जात असे.

त्याने हात पुढे केला आणि नातीचे डोळे झाकले.

“मामाआजोबा, हात काढा ना,” ती म्हणाली, “मला दिसत नाही.”

त्याने हात काढला नाही. बोटे मात्र थोडी विलग केली.