छलांग तो खरी थी

माझ्या दादीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. तिचे अब्बा मणियार. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत त्यांचं बांगड्यांचं दुकान लागायचं. अशाच एका यात्रेत, रात्री दुकान झाकल्यावर, दहा वर्षांची दादी शेजारच्या सिनेमाच्या तंबूत शिरली. पुढे पुरुष बसलेले, बायका पडद्याच्या मागच्या बाजूला. तिथून चित्र दिसायचं, पण उलटं. पडद्यावर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेली एक गोरी बाई, हातात चाबूक, घोड्यावरून भरधाव चाललेली. सिनेमा होता 1935 चा ‘हंटरवाली’. मुंबईत लागून दहा-बारा वर्षं झालेली, रीळ झिजलेलं. पण यात्रेला त्याचं काय!

कॉलेजात असताना मी दादीच्या या सिनेमाची थट्टा करायची. “दादी, वो सब झूट था.” ती गप्प बसायची.

गेल्या सुट्टीत सांगलीच्या घरी मी तिला मोबाईलवर अमेरिकेतले जुने घोडेस्वारीचे सिनेमे दाखवले. आपल्याकडचे स्टंटपट ज्यांच्या वळणावर गेले, त्यांतलेच हे. 1903 चा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ जेमतेम बारा मिनिटांचा. त्यात एक दरोडेखोर सरळ प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो, दादी दचकलीच. मग 1933 ते 35 मधले जॉन वेनचे स्वस्तातले सिनेमे लावले. आठवड्याभरात एक उरकायचा, असा तो कारभार. घोडे वाजवीपेक्षा जोरात पळतात, कारण कॅमेरा मुद्दाम सावकाश फिरवलेला. दादी हसायला लागली, “अगे, ये तो फिरके वहीच टेकडी आई!”

याकिमा कॅनट नावाचा एक गडी या सिनेमांत खलनायक व्हायचा आणि नायकाच्या जागी उड्याही तोच मारायचा. म्हणजे पाठलाग करणारा आणि पळणारा कधी कधी एकच! हे सांगितल्यावर दादीनं विचारलं, “पर गिर्‍या सो सच्ची गिर्‍या ना?”

पडला तो खराच. आजच्यासारखं संगणकावर माणूस पाडायची सोय तेव्हा नव्हती. नादियाचंही तेच. ती मूळची मेरी इव्हान्स, 1908 साली ऑस्ट्रेलियात जन्मलेली. वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’ला आधी कुणी वितरक मिळेना, शेवटी त्यांनी स्वतःच तो लावला. नादियाच्या जागी उडी मारायला दुसरं कुणी नसे. ती स्वतःच मारायची.

“तेच तो बोलती मैं,” दादी म्हणाली. “बाकी सब झूट होंगा बेटा. छलांग तो खरी थी.”

मला एकदम 2011 साल आठवलं. साताऱ्याला बी.एड.ला नंबर लागला होता. पोरगी परगावी एकटी राहणार म्हणून घरात सगळ्यांनी मान हलवली. चौथीत शाळा सुटलेली दादी तेवढी उठली, हातातल्या पाटल्या काढल्या आणि अब्बांपुढे ठेवल्या. “इसकी फी भरो.” तेव्हा मला त्यात म्हातारीचा हट्ट दिसला होता. आज वाटतं, पुसेगावच्या तंबूतून ती रिकाम्या हातानं परतली नव्हती.

मी आता उर्दू शाळेत शिकवते. दहावीतली एक हुशार मुलगी. कॉलेज लांब पडतं, म्हणून तिचे वडील पुढं शिकवायला तयार नाहीत. मी त्यांना एकदा फोन केला. ते नाही म्हणाले. मग मीही विषय सोडून दिला. वर्गात मुलींना धीराच्या गोष्टी मात्र रोज सांगत होते. माझा सिनेमा नीटनेटका होता, पण त्यात उडीच नव्हती.

सुट्टी संपायच्या आत मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी चहा दिला, ऐकून घेतलं, “बघतो” म्हणाले. अजून उत्तर आलेलं नाही. येत्या जुम्याला पुन्हा जाणार आहे. दादी म्हणते, मलाही घेऊन चल.