आधी राखाडी बघा

गणपती उठले की आमच्याकडे दिवाळी अंकांची मुखपृष्ठं यायला लागतात, आणि दर दुसऱ्या फाइलसोबत एक वाक्य येतं : "माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर दिसतंय." म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या लॅपटॉपवर ते तसंच दिसत असतं. पण छापखान्यात रंगाचं काम बघणाऱ्या माझ्यासारख्याला त्या वाक्याचा उपयोग शून्य. लॅपटॉप फाइलमधला रंग दाखवतोय की त्यात पदरची भर घालतोय, हे त्यावरून कळत नाही.

मग काही जण लॅपटॉप काखोटीला मारूनच येतात. "याचं कॅलिब्रेशन करून द्या." माझं उत्तर बहुधा "आत्ता नको" असं असतं. कॅलिब्रेशनचं यंत्र माझ्या टेबलावरच असतं, पण ते लावणं हे शेवटचं काम. बऱ्याच वेळा स्क्रीन बिघडलेला नसतोच. एखादा प्रोग्रॅम आपलं भलं करायला मध्ये पडलेला असतो आणि त्याला आधी शोधावं लागतं. तो चालू असताना मोजमाप घेतलं तर त्याची लुडबुड मोजमापात कायमची जाऊन बसते.

शोध मी राखाडीपासून सुरू करतो. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे 128 घातले की मधला राखाडी मिळतो. तो स्क्रीनभर पसरायचा. लोकांना वाटतं मी लाल-पिवळ्याची भडक चित्रं उघडून बघेन. पण साडीचा लाल थोडा इकडेतिकडे झाला तरी डोळा खपवून घेतो; राखाडीत गुलाबी किंवा हिरव्याची झाक आली की ती लगेच टोचते. नंतर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारा पट्टा. त्यात सगळीकडे एकाच रंगाची झाक असेल तर पांढराच सरकलाय. अंधाऱ्या भागात एक झाक आणि उजळ भागात दुसरी असेल तर रंगाच्या वक्रांमध्ये कुणीतरी हात घातलाय, कदाचित दोघांनी मिळून. पट्ट्यात पायऱ्या दिसत असतील तर त्याची कारणं वेगळी, त्यांच्याकडे नंतर येतो.

हे सगळं बघण्याआधी खोलीतला दिवा बघायचा. बाजारात मिळणारा वॉर्म व्हाइट एलईडी साधारण 3000 केल्व्हिनचा, कूल डेलाइट 6500 चा. पिवळ्या दिव्याखाली बसून नीट लावलेला स्क्रीनही निळा वाटतो, कारण डोळ्यानं खोलीतल्या पांढऱ्याशी जुळवून घेतलेलं असतं. अशा तक्रारीला लॅपटॉप उघडायचीही गरज नसते.

आता मध्ये पडणारे. सर्वांत सोपा नाइट लाइट. विंडोजमध्ये तो 2017 मध्ये आला आणि मॅकमधला त्याचा भाऊ नाइट शिफ्टही त्याच वर्षी. संध्याकाळी निळा प्रकाश कमी करायचा, म्हणजे झोप चांगली लागते, अशी कल्पना. झोपेचं मला ठाऊक नाही, चित्रांचं ठाऊक आहे. एक तरुण चित्रकार मुलगी सांगत आली की तिची रात्री केलेली चित्रं सकाळी थंडगार निळी दिसतात. नाइट लाइट सूर्यास्ताला आपोआप सुरू व्हायला लावलेला होता. रात्री स्क्रीन पिवळा, म्हणून ही बिचारी चित्रात निळा ओतत होती. मॅकबुकवर ट्रू टोन असतं, ते तर खोलीतल्या उजेडानुसार दिवसभर पांढरा हलवत राहतं. वाचायला छान, रंगाच्या कामाला पहिल्यांदा बंद करायची गोष्ट.

त्याहून छुपा प्रकार बॅटरीचा. चार्जर काढला की रंग बदलतात, लावला की परत येतात. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये वीज वाचवायची सोय असते : चित्रात काय आहे ते बघून ती मागचा दिवा मंद करते आणि भरपाई म्हणून चित्रातले उजळ भाग वर ओढते. अंधाऱ्या चित्रावरून पांढऱ्या पानावर गेलात की स्क्रीन क्षणभर श्वास घेतल्यासारखा हलतो, तेव्हा हीच भानगड. शिवाय बनवणाऱ्यांनी दिलेले 'व्हिविड', 'सिनेमा' असले मोड असतात. ते दुकानातल्या झगझगाटात गिऱ्हाइकानं थांबून बघावं म्हणून असावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दोष नक्की कुठे आहे याचे दोन भाग पाडायचे तर विंडोजवर स्क्रीनशॉट काढायचा आणि दुसऱ्या, भरवशाच्या मशीनवर उघडायचा. स्क्रीनशॉटमध्येही रंग चुकलेला असेल तर चूक फाइलमध्ये किंवा ती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. स्क्रीनशॉट ठणठणीत असेल तर चूक त्याच्या पुढे कुठेतरी : नाइट लाइटमध्ये, ग्राफिक्स कार्डात किंवा काचेत. मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढून मात्र पाठवू नका. मोबाइल स्वतःच पांढरा ठरवतो. पुढची पायरी बायोसची. विंडोज सुरू होण्याआधीच्या त्या रुक्ष पानावरही झाक असेल तर सॉफ्टवेअर निर्दोष सुटलं. झाकण पुढेमागे करताना रंग बदलत असेल तर बिजागरीतून जाणारी केबल बघा, तिथे कॅलिब्रेशनचा संबंधच नाही.

एक तक्रार मात्र इतकी ठरावीक आहे की फोनवरच उत्तर देता येतं : "बाकी सगळं ठीक, पण फोटो उघडला की पांढरा भाग पिवळट दिसतो." हा प्रोफाइलचा घोळ. प्रत्येक स्क्रीनसाठी एक छोटी फाइल असते, हा स्क्रीन लाल म्हणजे कुठला लाल दाखवतो, पांढरा कुठला, याचं वर्णन करणारी. ही पद्धत जिनं सर्वमान्य केली ती आयसीसी नावाची संघटना 1993 मध्ये अॅडोबी, अॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी स्थापली. कधीकधी अपडेटबरोबर भलतंच प्रोफाइल येऊन बसतं. विंडोजचा डेस्कटॉप ते वाचत नाही, फोटो दाखवणारा प्रोग्रॅम वाचतो आणि आज्ञाधारकपणे चुकतो. कंट्रोल पॅनलच्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते काढायचं, तात्पुरतं एसआरजीबी हे सर्वसाधारण प्रोफाइल लावायचं. पिवळेपणा गेला की निदान पक्कं.

इथे लोकांच्या मनातला एक गोंधळ सोडवावा लागतो. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल ही दोन कामं आहेत. वाण्याचा काटा शून्यावर आणणं हे पहिलं. आणल्यावरही तो किलोमागे दहा ग्रॅम जास्त दाखवतो हे चिठ्ठीवर लिहून काट्याला चिकटवणं हे दुसरं. चिठ्ठी न वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तिचा काही फायदा नाही.

लॅपटॉपची खरी अडचण अशी, की कामाच्या चांगल्या मॉनिटरला असतात तशी लाल-हिरव्या-निळ्याची बटणं त्याला नसतात. खरोखर हलवता येतो तो फक्त मागच्या दिव्याचा उजेड. बाकी सगळी दुरुस्ती ग्राफिक्स कार्डातल्या एका तक्त्यात होते आणि ती बहुधा प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्यांमधूनच कापून घेतली जाते. निळसर पांढरा 6500 केल्व्हिनवर ओढायचा म्हणजे निळ्याच्या वरच्या पायऱ्या फेकून द्यायच्या. राखाडी पट्ट्यात पायऱ्या दिसतात त्या अशा. त्यात स्वस्त पॅनल मुळात सहा बिटांचे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 64 च पायऱ्या. मधल्या छटा झपाझप लुकलुकवून भासवलेल्या. म्हणून साध्या लॅपटॉपवर मी पांढऱ्याला हात लावत नाही. तो आहे तिथे राहू द्यावा, राखाडी तेवढा सरळ करावा आणि चांगलं प्रोफाइल बनवावं. पुस्तकी नियम वेगळा आहे, पण पुस्तकं चांगले मॉनिटर समोर ठेवून लिहिलेली असतात.

मोजताना चार्जर लावलेला, मशीन अर्धा तास तापलेलं, सगळे मदतनीस बंद, उजेड 100 ते 120 निट्सच्या दरम्यान. कलरीमीटरला, म्हणजे मोजणाऱ्या यंत्राला, पॅनलचा प्रकार सांगायचा : पांढरा एलईडी की ओलेड. तो चुकीचा सांगितला तर यंत्र अतिशय अचूकपणे चुकीचा आकडा देतं.

आणि मग येतं ते, जे कुठल्याच यंत्रानं होत नाही. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '45 टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. एनटीएससी म्हणजे अमेरिकेच्या 1953 च्या रंगीत टीव्हीचं माप. ते आजच्या लॅपटॉपला का लावावं हे देवच जाणे, पण 72 टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, एवढं लक्षात ठेवलं की भागतं. 45 टक्क्यांच्या पॅनलवर गडद लाल, गर्द हिरवा मुळात नाहीतच. त्यावर चित्र करणारा माणूस रंग वाढवत जातो आणि फाइल चांगल्या स्क्रीनवर उघडली की डोळे दिपतात. महागड्या पी3, म्हणजे जास्त रंग दाखवणाऱ्या, पॅनलचं दुखणं उलटं : प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळंच भडक दिसतं, म्हणून माणूस रंग मारत जातो आणि छापल्यावर चित्र आजारी.

मुखपृष्ठांवरचा लाडका केशरी झेंडू आणि राणी रंग तर चांगल्या स्क्रीनवर दिसतात, पण चार शाईंच्या छपाईत पूर्ण उतरत नाहीत. ते कागदाच्या प्रोफाइलमधून आधीच बघून घ्यावं लागतं. तसं बघितलं की झेंडू थोडा मळका दिसतो, संपादक नाराज होतात, आणि मी त्यांना तेच छापून येणार असल्याचं सांगतो. फारच जीव असेल तर पाचवी, खास मिसळलेली शाई घ्या, खर्च वाढतो.

येवल्याहून ऑनलाइन पैठण्या विकणारे एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले होते. मोरपंखी साडी "फोटोपेक्षा वेगळी" म्हणून परत येत होती. त्यांचा स्क्रीन मी मोजला. राखाडी सरळ होता, प्रोफाइल ठीक. साडी मागवून बघितली. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा; घडी हलवली की निळी, तिरकी धरली की हिरवी. कॅमेरा त्यातला एकच कोन उचलणार. मी त्यांना सांगितलं, खिडकीच्या उजेडात दोन कोनांतून दोन फोटो घ्या, शेजारी राखाडी कार्ड धरून पांढरा जुळवा आणि दोन्ही फोटो शेजारीशेजारी टाका. त्यांनी विचारलं, मग कॅलिब्रेशनचे किती द्यायचे? केलंच नव्हतं, त्यामुळे काही घेतलं नाही.